सहाव्या पायरीवरून वर: फुटबॉल मॅनेजरमध्ये खालच्या लीगचा क्लब कसा चालवावा

फुटबॉल मॅनेजर हा संगणकावरचा खेळ, ज्यात तुम्ही एका क्लबचे मॅनेजर असता. त्यात मोठ्या क्लबवर हात बसलेले अनेक जण नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथमध्ये उतरतात आणि डिसेंबरपर्यंत नोकरी गमावून बसतात. चूक बहुतेकदा टॅक्टिकमध्ये नसते. वरच्या लीगमध्ये खेळाडू विकत घेऊन अडचण सुटते, इथे घ्यायला पैसेच नसतात. वर करार तीन-चार वर्षांचे असतात, इथे दर ३० जूनला अर्धा संघ मोकळा होतो. म्हणून खालच्या लीगमध्ये मॅनेजरचं खरं काम करारांचं आहे: कोणाला किती काळ, किती पौंडांत आणि कोणत्या अटीवर बांधायचं. ते जमलं की साधी ४-४-२ (चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन पुढे) सुद्धा संघ वर नेते.

पुढची उदाहरणं इंग्लंडची आहेत. नॅशनल लीग ही इंग्लिश फुटबॉलची पाचवी पायरी, नॉर्थ आणि साउथ या सहाव्या. तिन्हींत २४ संघ, म्हणजे लीगचेच ४६ सामने. फुटबॉल मॅनेजरमध्ये इंग्लंड निवडलं की बाहेरचा डेटाबेस न जोडता एवढंच खोल जाता येतं. दुसऱ्या देशात खेळत असाल तर नियम बदलतील, हिशेबाची पद्धत तीच राहील.

सेव्ह (नवा डाव) सुरू करण्याआधी

डेटाबेस शक्य तितका मोठा ठेवा आणि ज्या देशात खेळणार त्या देशाचे सगळे खेळाडू वेगळे जोडून घ्या. खालच्या लीगचा बाजार हा मोठ्या क्लबांनी सोडलेल्या तरुणांवर चालतो. ते डेटाबेसमध्ये लोडच झाले नसतील तर तुमचा शोध रिकामा येणार. याउलट खूप देशांच्या लीग चालू ठेवण्याची गरज नाही, त्याने फक्त गेम मंदावतो. खेळण्याजोग्या संघांत खेळाडू भरण्याचा जो पर्याय असतो तो चालू ठेवा. काही छोट्या क्लबांकडे मूळ डेटात जेमतेम दहा-बारा नावं असतात, आणि हा पर्याय बंद असेल तर जागा नावापुरत्या खेळाडूंनी भरली जाते.

अ‍ॅट्रिब्यूट (खेळाडूच्या गुणांचे आकडे) झाकून ठेवण्याची सोय मात्र बंद करू नका. सगळे आकडे उघडे दिसले की स्काउट (खेळाडू हेरणारा माणूस), चाचणी, सहाय्यकाचा अहवाल या सगळ्याचा अर्थच जातो, आणि खालच्या लीगची निम्मी मजा त्यातच आहे.

सेव्ह सुरू झाली की सर्वात आधी स्पर्धेच्या नियमांचं पान उघडा. सामन्याच्या संघात लोनवरचे (दुसऱ्या क्लबकडून काही काळ उसने घेतलेले) किती खेळाडू चालतात, बदली खेळाडू किती, नोंदणीची मुदत कधीपर्यंत, हे तीन मुद्दे लिहून ठेवा. लीग बदलली की ते बदलतात. नॅशनल लीग आणि तिच्याखालच्या क्लबांना वरच्या लीगसारख्या उन्हाळी-हिवाळी खिडक्यांचं (खेळाडूंच्या देवघेवीच्या ठरलेल्या मुदतींचं) बंधन नसतं, मार्चच्या उत्तरार्धापर्यंत खेळाडू नोंदवता येतात. संगणकाचे मॅनेजर याचा फारसा फायदा घेत नाहीत. तुम्ही घ्या.

पहिला आठवडा: करारांची झडती

संघाच्या यादीत वेतन, कराराचा प्रकार आणि करार संपण्याची तारीख हे तीन रकाने लावा. इथे कराराचे प्रकार महत्त्वाचे आहेत, कारण वरच्या लीगमध्ये ते कधी पाहावेच लागत नाहीत.

अर्धवेळ करार हा या पातळीचा नेहमीचा. खेळाडू आठवड्यातून मोजकीच सत्रं सराव करतो आणि पगार कमी घेतो. पूर्णवेळ करारात सराव जास्त, प्रगती वेगवान आणि पगारही तसाच. तिसरा प्रकार म्हणजे बिनकरारी खेळाडू: तुमच्याकडे खेळतो, पण कोणताही क्लब त्याला कधीही, एक पौंडही न देता उचलू शकतो. तुमचा सर्वाधिक गोल करणारा स्ट्रायकर बिनकरारी असेल तर तो ऑक्टोबरमध्ये जाणार हे धरूनच चाला. पहिल्याच दिवशी त्याला अर्धवेळ कराराची ऑफर द्या. आणि हीच तलवार उलटी चालवा: शोधात कराराच्या प्रकाराची गाळणी लावून प्रतिस्पर्ध्यांचे बिनकरारी खेळाडू पाहा. आपल्याच लीगमधला चांगला बचावपटू फुकटात मिळणं, आणि त्याच वेळी विरोधी संघ कमजोर होणं, असा दुहेरी फायदा दुसऱ्या कुठल्या मार्गाने होत नाही.

आता पैशांचा हिशेब. समजा बोर्डाने आठवड्याला ५,००० पौंडांचं वेतन बजेट दिलं. त्यातले ५०० बाजूला काढा आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांना हात लावू नका. उरले ४,५००. पहिले ११ खेळाडू सरासरी २८० पौंडांना धरले तर ३,०८० गेले. पाच लोन खेळाडूंच्या पगारातला वाटा प्रत्येकी १०० धरला तर ५००. राखीव आणि तरुण मिळून सहा, प्रत्येकी १२०, म्हणजे ७२०. एकूण ४,३००, आणि २०० बोनससाठी शिल्लक. असे २२ खेळाडू झाले. ४६ सामने, वर चषकाचे आणि मंगळवारी रात्रीचे सामने धरले तरी २२ पुरतात. २८ ठेवलेत तर सहा जण बसून पगार खातील आणि वर खेळायला मिळत नाही म्हणून कुरकुरतील.

बाजूला ठेवलेले ५०० पौंड का? कारण सप्टेंबरच्या अखेरीस लीगमध्ये तुमची खरी उणीव दिसते, आणि तेव्हा बाजारात असलेले मोकळे खेळाडू जुलैच्या निम्म्या भावात तयार होतात. जुलैत ४०० पौंड मागणारा अनुभवी सेंटर-बॅक तीन महिने बेकार राहिला की २०० वर येतो. ज्याने ऑगस्टमध्येच सगळं बजेट संपवलं त्याला हा बाजार फक्त बघता येतो.

पगार ठरवताना सामन्यागणिक मानधनाचा कलम वापरायला शिका. सरळ २५० पौंडांचा खेळाडू वर्षाला १३,००० पौंड घेतो, मग तो जखमी असो वा नसो. त्यालाच १५० पगार आणि प्रत्येक सामन्याला १०० दिले, आणि तो ३० सामने खेळला, तर खर्च ७,८०० अधिक ३,००० म्हणजे १०,८०० होतो. २,२०० पौंड वाचले. ज्याची दुखापतीची नोंद लांबलचक आहे त्याच्यासाठी ही रचना आग्रहाने मागा. उलट, जो ४६ पैकी ४४ सामने खेळणारच अशा गोलकीपरला सरळ पगार द्या. न वापरलेल्या बदली खेळाडूचं मानधन मात्र नेहमी खोडा. तो पैसा कशाच्याही बदल्यात जात नाही.

दोन कलमांवर कधीही हलगर्जी करू नका. पहिला, बढती मिळाल्यावर होणारी पगारवाढ. एजंट सहज २५ टक्के टाकतो. वीस जणांच्या करारात ती राहिली, तर बढती मिळालेल्या जूनमध्ये वेतनाचा आकडा एका रात्रीत चौथाईने फुगतो, आणि तोही अशा खेळाडूंवर, ज्यातले निम्मे नव्या लीगसाठी पुरे पडणार नाहीत. दुसरा, किमान रकमेत सोडण्याचा कलम, म्हणजे ठरलेली रक्कम मोजली की दुसरा क्लब खेळाडूला नेऊ शकतो. विशीतल्या चांगल्या खेळाडूसाठी तो टाळता येत नसेल तर रक्कम वाढवत न्या, आणि क्लबच्या इच्छेने एक वर्ष वाढवण्याचा पर्याय त्याबदल्यात मागून घ्या.

मुदतीबद्दल साधा नियम पाळा: तिशीपलीकडच्याला एक वर्ष, २३ च्या आतल्याला दोन किंवा तीन. मधल्यांना एक वर्ष आणि क्लबच्या इच्छेची वाढ.

खेळाडू कुठून आणायचे

मे महिन्याच्या अखेरीपासून मोठे क्लब आपल्या अकादमीतून सोडलेल्या मुलांच्या याद्या जाहीर करतात. १८ ते २१ वयाचे हे खेळाडू लीग टू किंवा लीग वनसाठी (चौथी आणि तिसरी पायरी) कमी पडतात, तुमच्यासाठी ते सोनं असतात. एक भेद ओळखा: क्लबने सोडून दिलेला आणि क्लबने नवा करार देऊ केला असताना निघालेला. इंग्लंडमध्ये २४ च्या आतल्या खेळाडूला जुन्या क्लबने नवा करार देऊ केला असेल तर त्याच्यासाठी भरपाई मोजावी लागते. सोडून दिलेल्यासाठी काही नाही.

घाई करू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात हीच मुलं तुमच्याशी बोलायलाही तयार नसतात, जुलैच्या मध्यावर त्यांची अपेक्षा खाली येते. यादी बनवून ठेवा आणि दर आठवड्याला तपासा.

चाचणीला बोलावणं हे या पातळीवरचं सर्वात स्वस्त हत्यार. स्काउटला महिनाभर पाठवण्याचा खर्च नसतो. खेळाडू तुमच्या सरावात येतो, त्याचे झाकलेले आकडे उघडत जातात आणि मैत्रीपूर्ण सामन्यात त्याला खेळवूनही पाहता येतं. जुलैत एका वेळी आठ-दहा जण चाचणीवर ठेवा. चाचणी चालू असताना दुसरा क्लब करार देऊ शकतो, म्हणून नक्की पटलेल्याला दोन आठवडे टांगून ठेवू नका.

दूर राहणारे अर्धवेळ खेळाडू अनेकदा नकार देतात, म्हणून शोध आधी आसपासच्या क्लबांपासून सुरू करा. परदेशी खेळाडूंवर वेळ घालवू नका, या पातळीवर वर्क परमिट मिळण्याची आशा जवळपास शून्य. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या खेळाडूंना मात्र त्याची गरज नसते, आणि तिथल्या लीगकडे फार कमी मॅनेजर बघतात.

लोनचं वेगळं शास्त्र आहे. वरच्या क्लबांचे १९-२० वर्षांचे खेळाडू ऑगस्टच्या सुरुवातीला येत नाहीत, कारण त्यांना अजून वरच्या लीगमधून बोलावणं येईल अशी आशा असते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तेच खेळाडू नियमित खेळण्याच्या आश्वासनावर येतात, आणि मूळ क्लब पगाराचा मोठा भाग स्वतः उचलतो. पहिली ऑफर पगाराच्या शून्य टक्क्याची टाका, मग दहा-दहाने चढा. परत बोलावण्याच्या कलमावर लक्ष ठेवा. गोलकीपर, सेंटर-बॅक आणि मुख्य स्ट्रायकर या तीन जागा लोनवर सोडल्या आणि जानेवारीत तिघांना परत बोलावलं, तर हंगामाचा कणाच मोडतो. लोन खेळाडू विंगवर, फुल-बॅकला किंवा बाकावर शोभतात.

कोणते आकडे बघायचे

सहाव्या पायरीवर बहुतेक अ‍ॅट्रिब्यूट २० पैकी ५ ते १० च्या पट्ट्यात असतात. इथे सगळ्यात बरा असा खेळाडू शोधणारा माणूस फसतो, कारण सगळ्यात बरा खेळाडू महाग असतो. एकाच गोष्टीत चांगला आणि बाकीत सुमार असलेला खेळाडू स्वस्त मिळतो. त्याच्या उणिवेचं काम त्याच्याकडे जाऊच नये अशी रचना तुम्ही करायची.

मॅच इंजिनमध्ये वेग आणि अ‍ॅक्सेलरेशन यांचं वजन मोठं आहे, आणि खालच्या बचावफळ्या हळू असतात. १३-१४ वेगाचा, ८ फिनिशिंगचा (चेंडू गोलात मारण्याची अचूकता) स्ट्रायकर हा १२ फिनिशिंगच्या मंद स्ट्रायकरपेक्षा जवळपास नेहमी जास्त गोल करतो, कारण त्याला संधीच दुप्पट मिळतात. विंगर आणि फुल-बॅकसाठी वेगानंतर स्टॅमिना आणि वर्क रेट (धावपळ करण्याची तयारी) बघा. क्रॉसिंग ९ असली तरी चालते.

सेंटर-बॅकसाठी सर्वात आधी जम्पिंग रीच (उडी मारून गाठता येणारी उंची), मग ताकद, धाडस आणि पोझिशनिंग. इथे अनेक जण हेडिंगचा आकडा बघून फसतात. हेडिंग म्हणजे चेंडू डोक्याला लागल्यावरची अचूकता. तिथपर्यंत पोहोचायचं ते जम्पिंग रीचमुळे. जम्पिंग रीच १५ आणि हेडिंग ८ असलेला बचावपटू उलट्या आकड्यांच्या खेळाडूवर दिवसभर मात करतो. या पातळीवर चेंडू सतत हवेत असतो, म्हणून गोलकीपरचा एरियल रीच आणि बॉक्सवरचा ताबाही रिफ्लेक्सेसइतकाच तोलामोलाचा.

मधल्या फळीत एक जण पास देणारा पुरे. बाकीच्यांकडून टीमवर्क, वर्क रेट, स्टॅमिना आणि निर्णयक्षमता मागा. पळणारे पण सतत चुकीचा निर्णय घेणारे दोन मिडफिल्डर एकत्र ठेवले की संघाच्या मधोमध रस्ता मोकळा होतो.

आकड्यांत न दिसणारं सातत्य, दुखापतीचं प्रमाण आणि मोठ्या सामन्यातली वृत्ती स्काउटच्या अहवालातल्या वाक्यांत सापडते. ती वाक्यं पूर्ण वाचा. म्हणूनच नवा स्टाफ नेमताना खेळाडूची क्षमता ओळखण्याचा आकडा १२ च्या वर असलेला सहाय्यक मॅनेजर शोधा. या पातळीवर स्काउटच्या जागा एक-दोनच मिळतात, तेव्हा खरा स्काउट हाच असतो.

टॅक्टिक: खेळाडूला कमी निर्णय घ्यायला लावा

मागून छोटे पास देत वर यायचं असेल तर सहा-सात खेळाडूंना प्रत्येकी दोन सेकंदांत बरोबर निर्णय घ्यावा लागतो. कंपोजर (दबावातला शांतपणा) ६ आणि पासिंग ७ असलेले बचावपटू ते करू शकत नाहीत. चेंडू आपल्या बॉक्सपाशी हरवतो आणि गोल खावा लागतो. हिवाळ्यात मैदानं खराब झाली की हे आणखी वाढतं. म्हणून थेट पास, मोकळ्या जागेत पास, आणि पुढे दोन स्ट्रायकर: एक उंच, दुसरा वेगवान. उंच माणसाकडे चेंडू, वेगवान माणूस त्याच्या मागून धावणारा. ४-४-२ यासाठीच टिकून आहे.

मेंटॅलिटी (संघाने किती आक्रमक खेळायचं) बॅलन्स्ड किंवा एक पायरी वर ठेवा. संघाला द्यायच्या सूचना चार-पाचांवर जाऊ देऊ नका. प्रत्येक जादा सूचना ही खेळाडूला शिकावी लागते, आणि अर्धवेळ संघाकडे शिकायला आठवड्यातली मोजकीच सत्रं असतात. तीन टॅक्टिक एकदम भरून ठेवले तर तिन्हींची ओळख अर्धवट राहते. डिसेंबरपर्यंत एकच शिकवा, मग दुसरं घ्या. फुटबॉल मॅनेजर २६ मध्ये चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना वेगळी आखता येते. खालच्या लीगमध्ये या दोन रचना जवळजवळ सारख्या ठेवा. एका रचनेतून दुसरीत जाताना ज्याला तीस मीटर पळावं लागतं, त्याचा स्टॅमिना ८ असेल तर तो सत्तराव्या मिनिटाला तिथे नसतो.

पूर्ण सामनाभर उंच प्रेसिंगचा (विरोधकाच्या अर्ध्यातच चेंडूसाठी अंगावर जाण्याचा) मोह इथेच नडतो. साठाव्या मिनिटानंतर संघ गळतो, आणि मंगळवार-शनिवार अशा आठवड्यांत स्नायूंच्या दुखापती रांग लावतात. फक्त एवढं करा: विरोधी गोलकीपरला जवळचा पास देऊ न देण्याची सूचना लावा. त्याला लांब मारायला भाग पाडलं की चेंडू तुमच्या उंच सेंटर-बॅककडे येतो. काम दोन स्ट्रायकरच करतात, बाकी संघ जागेवर राहतो.

बचावाची रेषा मंद सेंटर-बॅक असतील तर एक पायरी खाली घ्या. मधल्या फळीलाही त्याबरोबर खाली आणा, नाहीतर मध्ये जी पोकळी राहते तिथूनच लांबून गोल बसतात.

सेट पीस: सगळ्यात स्वस्त गोल

सेट पीस म्हणजे कॉर्नर, फ्री-किक, थ्रो अशा थांबलेल्या चेंडूवरच्या चाली. बहुतेक जण हे पान सहाय्यकावर सोपवून मोकळे होतात. अर्धा तास काढा आणि स्वतः रचा. कॉर्नर घेणाऱ्याचा कॉर्नरचा आकडा १० च्या वर हवा, तो फुल-बॅक असला तरी हरकत नाही. जम्पिंग रीचमध्ये सर्वात वरचे तिघे जवळच्या खांबाकडे धावतील असे लावा. एक धट्टाकट्टा खेळाडू गोलकीपरसमोर उभा करा, एक बॉक्सच्या कडेला सुटलेल्या चेंडूसाठी. मागे दोन सर्वात वेगवान खेळाडू थांबलेच पाहिजेत. उंच खेळाडू वर गेले म्हणून मागे राहिलेले मिडफिल्डर मंद असतील, तर तुमच्याच कॉर्नरवर प्रतिहल्ला बसतो आणि दोष टॅक्टिकला दिला जातो.

लांब थ्रोचा आकडा १३ किंवा अधिक असलेला खेळाडू मिळाला तर प्रत्येक थ्रो हा अर्धा कॉर्नर होतो. असा राखीव फुल-बॅक १२० पौंडांत मिळत असेल तर विचार करत बसू नका.

प्री-सीझन आणि सराव

पाच-सहा मैत्रीपूर्ण सामने पुरतात. पहिले दोन तुमच्याहून दुबळ्या संघांशी, म्हणजे विजयाने मनोबल चढतं आणि पायात सामना येतो. एक सामना मोठ्या क्लबशी, आणि तो घरच्याच मैदानावर घ्या. हरलात तरी तिकिटांचे पैसे तुमचे. पंधरा नवे खेळाडू एका उन्हाळ्यात आणले असतील तर संघाची एकजूट तळाला जाते, त्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांत संघ जोडणारी सत्रं जरूर ठेवा. बाकी सगळा वेळ टॅक्टिकची ओळख आणि सेट पीसवर लावा. अर्धवेळ संघात तांत्रिक सरावाने मोठा बदल होईल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रगती हवी असेल तर दोन-तीन तरुणांना पूर्णवेळ करार देणं हा खरा मार्ग.

चषक, बोर्ड आणि बढती

एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या चषकस्पर्धेत नॉर्थ-साउथचे क्लब दुसऱ्या पात्रता फेरीत उतरतात, नॅशनल लीगचे चौथ्या पात्रता फेरीत. जिंकलेल्या प्रत्येक फेरीचं बक्षीस तुमच्या तिजोरीच्या मानाने भरघोस असतं, म्हणून तिथे पूर्ण ताकदीचा संघ उतरवा. प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपचे (सर्वात वरच्या दोन पायऱ्या) क्लब तिसऱ्या फेरीत येतात. तिथवर पोचून बाहेरच्या मोठ्या मैदानावर सामना पडला तर गेटच्या उत्पन्नातला वाटा वर्षाचा तोटा भरून काढू शकतो.

बोर्डाकडे पहिली मागणी पालक क्लबची (आपले तरुण खेळाडू लोनवर देणारा मोठा क्लब) करा, दुसरी स्वतःच्या कोचिंग बॅजची (प्रशिक्षकाच्या पात्रतेची). पूर्णवेळ होण्याची मागणी मात्र नॅशनल लीगमध्ये पाय रोवेपर्यंत थांबवा. पूर्णवेळ झाल्यावर प्रत्येक नवा करार चढ्या दराने होतो, आणि प्रेक्षक तेवढेच राहतात.

नॉर्थ आणि साउथमध्ये पहिला संघ थेट वर जातो, दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाचे प्लेऑफ खेळतात. दुसऱ्या-तिसऱ्याला थेट उपांत्य फेरी मिळते आणि तीही घरच्या मैदानावर. एप्रिलमध्ये चौथ्या क्रमांकावर असाल तर तिसऱ्यासाठी जिवाचं रान करा, एक अख्खा सामना वाचतो.

बढती नक्की होताच भावनेच्या भरात सगळ्यांना नवे करार वाटू नका. यादी तीन भागांत करा: नव्या लीगमध्येही सुरुवातीला खेळणारे, बाकावर चालणारे, आणि निरोप द्यायचे. पहिल्या गटात सात-आठच नावं निघतात. त्यांना जूनच्या आत दोन वर्षांसाठी बांधा, दुसऱ्या गटाला बढतीच्या पगारवाढीशिवाय एक वर्ष देऊ करा. तिसऱ्या गटातल्यांचे करार ३० जूनला संपू द्या, म्हणजे जुलैच्या मध्यावर अकादमीतून सुटलेली मुलं खाली उतरतील तेव्हा तुमच्या बजेटमध्ये जागा असेल.